हर्न हिल वेलोड्रोम : मुदत संपलेला भाडेपट्टा आणि चालू राहिलेला ट्रॅक

६ जुलै २००५ रोजी सिंगापूरच्या बैठकीत २०१२ चं ऑलिंपिक लंडनला मिळालं. लंडनच्या आधीच्या, म्हणजे १९४८ च्या ऑलिंपिकमधल्या ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती जिथे झाल्या होत्या, तो हर्न हिल वेलोड्रोम त्या दिवशी कुलूपबंद होता. जमिनीचा भाडेपट्टा संपला होता आणि नवा कोणत्या अटींवर करायचा यावर जमीनमालक डलिच इस्टेट आणि तिथली पालिका, सदर्क कौन्सिल, यांचं जमत नव्हतं. ऑगस्टमध्ये तोडगा निघाला. ब्रिटिश सायकलिंग या राष्ट्रीय संघटनेने अल्प मुदतीचा पट्टा घेतला आणि रोजचं काम व्हीसी लोंद्र या स्थानिक क्लबच्या स्वयंसेवकांकडे आलं.

या प्रकरणात इतिहास, ऑलिंपिक, प्रसिद्ध खेळाडू असं सगळं आहे, आणि ट्रॅकबद्दल लिहिताना बहुतेक जण त्यातच रमतात. पण २००५ ते २०१७ या बारा वर्षांत जे घडलं त्याचा निकाल दोन रुक्ष गोष्टींनी लावला : पट्ट्यावर लिहिलेली वर्षं, आणि ट्रॅकवर दर आठवड्याला भरणारी सत्रं. पहिली हातात नव्हती तेव्हा दुसरी टिकवून धरली गेली, म्हणून पहिलीसाठी बोलणी करता आली.

काय वाचवायचं होतं

दक्षिण लंडनमध्ये बर्बेज रोडवरच्या घरांच्या मधून एक अरुंद रस्ता आत जातो आणि घरांच्या परसबागांनी वेढलेलं मोठं मोकळं मैदान उघडतं. जॉर्ज लेसी हिलियर या शर्यतपटूने पुढाकार घेऊन १८९१ मध्ये इथे ट्रॅक उभा केला. सायकलिंगचं वेड तेव्हा इंग्लंडात टिपेला पोहोचत होतं. १८९२ ते १८९४ अशी सलग तीन वर्षं फ्रँक शॉरलंडने क्युका चषकाची चोवीस तासांची शर्यत इथे जिंकली आणि १८९४ मध्ये एका दिवस-रात्रीत ४६० मैलांहून जास्त, म्हणजे साधारण ७४० किलोमीटर अंतर कापलं. गुड फ्रायडेची शर्यत १९०३ पासूनची. पहिल्या महायुद्धाच्या काळात क्रिस्टल पॅलेस फुटबॉल क्लबचं घरचं मैदानही हेच होतं.

१९४८ मध्ये युद्धाने खंगलेल्या लंडनने नवीन काही फारसं न बांधता ऑलिंपिक भरवलं आणि सायकल शर्यती हर्न हिलला आल्या. ब्रिटनच्या रेग हॅरिसला स्प्रिंटमध्ये इटलीच्या मारिओ गेल्लाने हरवलं. अ‍ॅलन बॅनिस्टरबरोबर हॅरिस टँडेमच्या, म्हणजे दोघांच्या सायकलीच्या, अंतिम फेरीत उतरला तेव्हा अंधार पडत आला होता आणि ट्रॅकवर दिवे नव्हते; तिथेही इटलीची जोडी सरस ठरली. त्या ऑलिंपिकला भारतानेही सायकल संघ पाठवला होता आणि त्यातली बरीच नावं पारशी होती. मुंबईच्या सायकलिंगचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला हर्न हिलचा उल्लेख टाळता येणार नाही.

ट्रॅकची लांबी साधारण ४५० मीटर आणि सर्वांत तीव्र ठिकाणी उतार सुमारे १८ अंश. आजच्या ऑलिंपिकचा लाकडी ट्रॅक २५० मीटरचा असतो आणि वळणावर ४२ अंशांच्या वर उभा राहतो. त्यामुळे हर्न हिलला ‘जुनाट’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शर्यतीच्या वेळा पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते चूकही नाही. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हाच उथळपणा या जागेची सर्वांत मोठी मिळकत आहे.

उतारावर थांबलेली सायकल घसरू नये यासाठी टायर आणि पृष्ठभाग यांत किमान जेवढं घर्षण लागतं, ते उताराच्या कोनाच्या टॅन्जंटइतकं असतं. १८ अंशांना हा आकडा ०.३२ येतो, ४२ अंशांना ०.९०. कोरड्या पृष्ठभागावर रबराला ०.३२ सहज मिळतं. म्हणजे हर्न हिलच्या वळणावर दहा वर्षांचं मूल अगदी हळू गेलं, घाबरून जवळजवळ थांबलं, तरी चाक खाली सटकत नाही. ४२ अंशांवर ते सटकतं. तिथे वरच्या बाजूला जायचं तर आधी ताशी तीसच्या आसपास वेग हवा आणि तो वळणभर टिकवायला हवा. नवख्याला नेमकं हेच जमत नसतं. दुसऱ्या टोकाला, वळणाची त्रिज्या ४५ मीटर धरली तर १८ अंशांवर ज्या वेगाला टायरवर बाजूचा ताण शून्य होतो तो ताशी ४३ किलोमीटरच्या आसपास येतो. क्लबच्या शर्यती साधारण याच वेगाच्या आसपास चालतात. म्हणजे हा बाउल, वाटीसारखा ट्रॅक, नवख्यांना सोसवतो आणि चांगल्या शर्यतपटूंनाही पुरतो. पुढे ऑलिंपिक विजेता झालेल्या ब्रॅडली विगिन्सने बाराव्या वर्षी इथेच शर्यती सुरू केल्या.

अल्प मुदतीचं दुखणं

आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू घराला रंग लावेल, गळका नळ बदलेल, पण फरशी उखडून नवी बसवणार नाही. २००५ नंतर हर्न हिलचं तसंच झालं. ट्रॅक उघडा राहिला, पण त्यावर मोठा खर्च कोणी करेना.

क्रीडा सुविधांना अनुदान देणाऱ्या संस्था बांधकामाला पैसे देताना आधी पाहतात ते जागेवरचा हक्क किती वर्षं टिकणार हे. दहा-वीस वर्षं चालणारं काम दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यावर कोणी मंजूर करत नाही आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. काम न झाल्याने सुविधा खालावतात. खालावलेल्या जागी भाडं कमी येतं. कमी भाड्यावर चालणाऱ्या संस्थेशी दीर्घ करार करायला जमीनमालक कचरतो. डलिच इस्टेट हीसुद्धा धर्मादाय संस्थाच आहे. जमिनीचं उत्पन्न तिच्या लाभार्थी संस्थांपर्यंत पोहोचवणं ही तिची कायदेशीर जबाबदारी. सायकलवाल्यांच्या बोलण्यात ती अनेकदा खलनायक होते, पण तिच्या विश्वस्तांनी कवडीमोलाने जमीन दिली असती तर त्यांनाच जाब विचारला गेला असता.

या फेऱ्याचा परिणाम डोळ्यांना दिसत होता. प्रेक्षकांच्या बैठकांची जुनी इमारत धोकादायक म्हणून बंद होती. ट्रॅकवर दिवे नव्हते, त्यामुळे हिवाळ्यात, जेव्हा लंडनला दुपारी चारलाच अंधारतं, कामाच्या दिवशी संध्याकाळचं सत्र अशक्य होतं. पृष्ठभाग थकत चालला होता.

उघड्यावरच्या ट्रॅकचा पृष्ठभाग कसा जातो हे समजून घेण्यासारखं आहे, कारण बाहेरून तो वर्षानुवर्षं ठीकच दिसतो. सुरुवात सांध्यांपासून होते. सांध्यातला भराव सुकून आक्रसतो, पाणी आत जातं, थंडीत गोठून फुगतं आणि सांध्याच्या कडा टवके उडून तुटतात. शेजारच्या झाडांची मुळं खालून ढकलतात. मग पृष्ठभागाच्या दोन तुकड्यांच्या मध्ये काही मिलिमीटरची पायरी तयार होते. रस्त्यावरच्या सायकलस्वाराला ती जाणवणारही नाही. ट्रॅकवर २३ मिलिमीटरचं टायर सात बार दाबाने भरलेलं असतं, पुढच्याच्या चाकापासून अंतर वीतभर असतं आणि हाताखाली ब्रेक नसतो. ठराविक जागी दर फेरीला धक्का बसतो, म्हणून अनुभवी स्वार ती जागा टाळून जरा वर किंवा खाली सरकतात. नवख्याला ते माहीत नसतं. तो सरळ जातो आणि मागून येणारा त्याने सरकावं असं गृहीत धरतो. ठिगळं लावून हे मिटत नाही. ठिगळाची कड म्हणजे नवीन सांधा.

दरम्यान ट्रॅक कसा चालला

व्हीसी लोंद्रच्या स्वयंसेवकांचं काम ऐकायला साधं आहे : सत्रं भरवायची. पण बाहेरून येणाऱ्या कुणालाही पहिल्याच दिवशी ट्रॅकवर घेता यायचं असेल, तर त्यामागे बरीच शिस्त लागते. अशा जागेवरचं सत्र साधारण असं चालतं.

दार उघडण्याआधी एक जण पूर्ण फेरी पायी मारतो. हातात झाडू. वळणांच्या खालच्या कडेला माती, पानं, खडे जमतात, कारण उतारावरचं सगळं तिथेच वाहून येतं, आणि शर्यतीची रेषाही तिथूनच जाते. शरद ऋतूत ही फेरी टाळली तर ओली पानं हमखास कुणाला तरी पाडतात. त्याच फेरीत नाल्यांच्या जाळ्या मोकळ्या करायच्या. मग ओलीचा निर्णय. पाऊस थांबला म्हणजे ट्रॅक सुकला असं नाही. सावलीतलं वळण उशिरा सुकतं आणि रंगवलेल्या रेषा त्याहून उशिरा. वर ०.३२ चा आकडा आला तो इथे उपयोगी पडतो. ओल्या रंगावर तेवढं घर्षण मिळेलच याची खात्री नाही, म्हणून रेषा ओल्या असतील तर कुणालाही वर पाठवायचं नाही. हा निर्णय एकाच माणसाने, आधी ठरलेल्या सत्रप्रमुखाने घ्यायचा. चार जणांनी आभाळाकडे बघत मत दिलं की लोक निघून गेलेले नसतात म्हणून सत्र सुरू होतं.

सायकलींची खोली हा स्वतंत्र विभाग. ट्रॅकच्या सायकलीला एकच गिअर, ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. मागचं चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतंच. पॅडलपाशी ४८ दातांची चेनरिंग आणि मागच्या चाकावर १५ दातांचा कॉग लावला तर पॅडलच्या एका फेऱ्यात साधारण ६.७ मीटर अंतर जातं. मिनिटाला ९० फेरे पकडले तर वेग ताशी ३६ किलोमीटर होतो आणि हर्न हिलची एक फेरी ४५ सेकंदांत. भाड्याच्या सायकलींना गिअर याहून हलकाच ठेवावा, कारण नवख्याला पाय फिरवायला शिकायचं असतं. जड गिअरवर तो वेग पायांच्या जोराने रेटतो आणि कमी करताना गुडघ्यांनी झगडतो.

प्रत्येक सायकल देण्याआधी चार गोष्टी हाताने तपासायच्या, नजरेने नाही. पहिली चेन. पॅडल एका जागी धरून चेन मधोमध वर-खाली हलवायची. साधारण एक सेंटिमीटर हालली पाहिजे. हीच तपासणी पॅडल पाव-पाव फेरा पुढे नेऊन पुन्हा करायची, कारण कुठलीच चेनरिंग अगदी गोल नसते : एका जागी नीट वाटलेली चेन दुसऱ्या जागी आवळलेली निघते. सर्वांत घट्ट जागेवर एक सेंटिमीटर मिळालं पाहिजे. फार आवळली तर बेअरिंग आणि दाते झिजतात आणि पॅडल अडखळतं. सैल राहिली तर चेन उतरते, आणि ब्रेक नसलेल्या सायकलीची चेन उतरली की थांबवायचं साधनच गेलं. ती कॉग आणि फ्रेममध्ये अडकली तर मागचं चाक जागीच जाम.

दुसरी गोष्ट लॉकरिंग. कॉग हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, उजव्या आट्याने बसतो आणि त्याला अडवणारी कडी, म्हणजे लॉकरिंग, डाव्या आट्याने. वेग कमी करताना स्वार पॅडलला विरोध करतो तेव्हा कॉग सुटायच्या दिशेने जोर खातो आणि उलट आट्याची लॉकरिंग त्याला आवळून धरते. लॉकरिंग सैल असेल तर कॉग हबवर फिरतो आणि आटे सोलून काढतो. मग हबच बदलावा लागतो. नवशिक्या मेकॅनिकची ठरलेली चूक म्हणजे लॉकरिंग नेहमीच्या दिशेने आवळणं, म्हणजे प्रत्यक्षात सोडवणं. तिसरी, मागच्या चाकाचे १५ मिलिमीटरचे नट. चौथी, हँडलबारच्या टोकांची बुचं. उघडी नळी पडताना मांडीत किंवा पोटात रुतते. बूच हरवलेली सायकल खोलीबाहेर जाऊ द्यायची नाही, मग रांगेत कितीही मुलं उभी असोत.

नवख्यांचा वर्ग कुंपणापासून सुरू होतो. कुंपण धरून सायकलीवर बसायचं, पाय अडकवायचे, ढकलून सुटायचं. आधी आतल्या सपाट भागावर दोन-तीन फेऱ्या आणि त्यात एकच धडा : पाय थांबवायचे नाहीत. सवयीने पाय थांबले की पॅडल स्वाराला उचलून फेकतं. हे तोंडी कितीही वेळा सांगितलं तरी पहिल्या अर्ध्या तासात एकदा तरी घडतं, म्हणून ते सपाटीवर, कमी वेगात घडलेलं बरं. मग पॅडलला हळूहळू विरोध करून वेग कमी करणं आणि ठरलेल्या खुणेजवळ कुंपण पकडून थांबणं. हे तीनदा नीट जमलं की मगच ट्रॅकवर.

ट्रॅकवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे वरची बाजू उजवी. ओलांडायचं ते उजवीकडून. आतल्या कडेपासून २० सेंटिमीटरवर काळी मोजरेषा, त्यानंतर लाल स्प्रिंट रेषा आणि त्याच्या वर निळी. नवख्यांना आधी काळ्या रेषेवर, मग लाल रेषेवर, मग निळ्या रेषेवर पूर्ण फेरी रेषा न सोडता मारायला लावतात. वर जाण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे पाहायचं. मागून ओलांडणारा ‘स्टे!’ म्हणून ओरडतो, म्हणजे आहेस त्या रेषेवरच राहा. नवखा हे ऐकून बाजूला होतो. रस्त्यावरच्या हॉर्नची सवय. त्यामुळे हा आवाज आधी कवायतीत ऐकवून घ्यावा लागतो.

पुढचा धडा रांगेचा. चार-पाच जण एकामागे एक, पुढचा अर्धी किंवा पूर्ण फेरी झाली की वळणावर वर जातो, रांग खालून निघून जाते आणि तो उतरून शेवटच्या चाकामागे लागतो. चुकतं ते दोन ठिकाणी. वर गेलेला वेग जास्त सोडतो आणि रांग पकडताना दमतो. आणि दुसरी, जास्त महागाची चूक : आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला समांतर नेणं. पुढचा जरा सरकला की चाकं घासतात आणि पडतो तो नेहमी मागचा.

गट का पाडायचे याचं गणित एकदा कागदावर केलेलं बरं. ताशी २५ ने जाणारा नवखा आणि ताशी ४० ने जाणारा शर्यतपटू एकाच वेळी ४५० मीटरच्या ट्रॅकवर असतील तर प्रत्येक शर्यतपटू त्याला दर १०८ सेकंदांनी ओलांडतो. असे दहा शर्यतपटू विखरून फिरत असतील तर नवख्याला दर ११ सेकंदांनी कुणीतरी ओलांडतं. तो शिकणार काय? म्हणून गट आलटून पालटून : पंधरा मिनिटं हे, पंधरा मिनिटं ते. तक्रार नेहमी वेगवान गट करतो, आपला वेळ फुकट जातो म्हणून. पण ट्रॅकच्या भाड्यातला मोठा वाटा आणि पुढच्या पाच वर्षांचे सभासद नवख्यांच्या गटातूनच येतात.

शर्यतीच्या दिवशी माणसं आणखी लागतात. मुख्य पंच, सुरुवात देणारा, फेऱ्यांची पाटी आणि घंटा सांभाळणारा, नोंदणीचं टेबल, प्रथमोपचार आणि अंतिम रेषेवर किमान दोन जोड डोळे. एलिमिनेशन, ज्याला इंग्लंडमध्ये सगळे ‘डेव्हिल’च म्हणतात, तिथे सर्वांत जास्त वाद होतात : दर खेपेला शेवटचा बाद, आणि शेवटचा कोण हे मागच्या चाकाच्या मागच्या कडेवरून ठरतं. विजेता पाहायची सवय असलेली नजर पुढच्या चाकाकडे जाते आणि चुकीचा माणूस बाहेर काढते. दोघांपैकी एकाने फक्त शेवटच्या तिघांकडे पाहायचं, बाकी शर्यत त्याच्यासाठी नाहीच, असं ठरवून दिलं की वाद बरेच कमी होतात.

२०१० नंतर कामांचा क्रम

ऑक्टोबर २०१० मध्ये ट्रॅक वाचवण्याची जाहीर मोहीम सुरू झाली. तोवर लंडनने २०१२ साठी पूर्वेकडे नवा लाकडी वेलोड्रोम जवळपास उभा केला होता, आणि त्याच परिसरातला ईस्टवेचा जुना सायकल मार्ग ऑलिंपिकच्या बांधकामासाठी कधीच बंद झाला होता. पॅडिंग्टनचा ट्रॅक तर १९८० च्या दशकातच पाडला गेला होता. या पार्श्वभूमीवर मोहिमेला बोलायला मुद्दा सापडला. पण निर्णायक काय ठरलं असेल, तर ट्रॅक चालू होता हे. बंद पडलेल्या जागेसाठी भावनेवर पैसे मागावे लागतात. इथे दर शनिवारी येणारी मुलं दाखवता येत होती आणि कौन्सिलच्या सदस्यांना ती दाखवली गेली.

२०११ मध्ये दोन गोष्टी झाल्या. ब्रिटिश सायकलिंग आणि डलिच इस्टेट यांच्यात पंधरा वर्षांचा पट्टा ठरला आणि हर्न हिल वेलोड्रोम ट्रस्ट उभा राहिला. पट्टा ठरल्यावर त्याच वर्षी ट्रॅकचा पृष्ठभाग नवा झाला. आधी पट्टा, मग पृष्ठभाग, इमारत शेवटी : हा क्रम योग्यच होता. इमारत फोटोत छान दिसते आणि देणगीदारांना आवडते, म्हणून अनेक संस्था तिथूनच सुरुवात करतात. पण उत्पन्न ट्रॅक देतो. पृष्ठभाग चांगला झाला की जास्त सत्रं भरतात, त्यांचे आकडे पुढच्या अर्जाला जोडता येतात.

पुढच्या टप्प्यात ट्रॅकच्या आत मुलांसाठी २५० मीटरचा सपाट ट्रॅक आला. हे काम आकाराने लहान, पण त्याने वर सांगितलेला गटांचा प्रश्न अर्धा सोडवला : मुख्य बाउलवर शर्यतपटू असताना आतमध्ये मुलं शिकू शकतात, वेळ वाटून घ्यायची गरज उरत नाही. मग दिवे आले, म्हणजे हिवाळ्याची संध्याकाळ मिळाली. चहूबाजूंना परसबागा असलेल्या जागी दिव्यांचा प्रश्न नाजूक असतो. खांबांची उंची, उजेड कुठे सांडतो आणि किती वाजता बंद होतो हे शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठरवलं नाही तर नियोजन परवानगीतच वर्ष जातं. शेवटी २०१७ मध्ये जुन्या बैठकांच्या जागी नवा पॅव्हेलियन उघडला. तो हॉपकिन्स आर्किटेक्ट्सचा. २०१२ च्या ऑलिंपिकचा वेलोड्रोमही त्यांचाच. कपडे बदलायला खोल्या, सायकली ठेवायला जागा आणि स्वच्छतागृहं मिळाली. स्वच्छतागृहाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. शाळा आपल्या मुलांना घेऊन येणार की नाही, आणि मुली टिकणार की नाही, हे बऱ्याचदा त्यावर ठरतं.

पंधरा वर्षांचा पट्टा हा पूल होता. त्याहून कितीतरी लांब मुदतीचा हक्क ट्रस्टच्या नावावर आल्यावर कामाची विभागणी स्पष्ट झाली : जमीन, पैसा आणि परवानग्या ट्रस्टकडे, आणि सायकलिंग चालवणं क्लबांकडे. हे दोन्ही एकाच समितीने करायचं ठरवलं की सायकल शिकवणारी माणसं अनुदानाचे अर्ज भरत बसतात आणि सत्रं रद्द होऊ लागतात.

माणसांचा हिशेब

अशा जागेचा सर्वांत दुर्मीळ साठा माणसांचा. आकडा मांडून पाहा. एका सत्राला सत्रप्रमुख, दोन प्रशिक्षक, सायकल खोली, नोंदणी आणि प्रथमोपचार असे सहा जण. आठवड्याला तीन सत्रं, वर्षाचे चाळीस आठवडे : ७२० पाळ्या. नोकरी-घर सांभाळून एक माणूस वर्षाला वीस पाळ्या करेल असं धरलं तर ३६ माणसं लागतात, शर्यतीचे दिवस वेगळेच. क्लबांच्या यादीत छत्तीस नावं सहज असतात, पण प्रत्यक्षात आठ-दहा माणसं निम्म्याहून जास्त पाळ्या ओढतात आणि दोन-तीन वर्षांत थकतात. ती एकदम सोडतात आणि कॉगच्या पेटीची किल्ली, नाल्याची जागा, शेजाऱ्याचा फोन हे सगळं त्यांच्याबरोबर जातं. यावर उपाय कंटाळवाणा आहे : प्रत्येक भूमिकेला दोन माणसं, भिंतीवर लावलेली लेखी यादी आणि नव्याने आलेल्या पालकाला पहिल्याच महिन्यात नोंदणीचं टेबल. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची, तपासणी ब्रिटनमध्ये करावी लागते आणि तिला वेळ लागतो. त्यामुळे प्रशिक्षकाची गरज एप्रिलमध्ये असेल तर माणूस हिवाळ्यातच शोधावा लागतो.

काही कामं स्वयंसेवकांवर ठेवूच नयेत. विमा, करार, इमारतीची देखभाल, हिशेबतपासणी यांत चूक झाली तर भरपाई झाडूने होत नाही. ट्रस्टने पुढे पगारी माणसं नेमली ती यासाठी. त्यावर कुरकुर झाली, अशा प्रत्येक जागी होते : आम्ही फुकट राबतो आणि त्यांना पगार. पण सकाळी शाळेची मुलं येतात तेव्हा दार उघडायला कामावर गेलेला स्वयंसेवक येऊ शकत नाही, आणि दिवसाचे रिकामे तास भाड्याने गेले नाहीत तर संध्याकाळचं सत्र स्वस्त ठेवता येत नाही.

पावसाचा प्रश्न उरलाच. नवा पृष्ठभाग, दिवे, पॅव्हेलियन असूनही हा उघडा ट्रॅक आहे. इथे सत्र रद्द करायचा नियम आधी छापलेला लागतो : निर्णय किती वाजता, कुठे कळवणार, पैसे परत की पुढच्या सत्रात धरणार. पुण्याला बालेवाडीचा वेलोड्रोम आहे, तो सरकारी क्रीडासंकुलाचा भाग. तिथे पट्ट्याचा हा प्रश्न याच रूपात येत नाही. पण आपल्याकडच्या एखाद्या क्लबने पालिकेचं मैदान घेऊन उघडा ट्रॅक चालवायचा विचार केला, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचं भाडं कुठून येणार याचं उत्तर करारावर सही करण्याआधी लिहून काढावं लागेल. आणि करार अकरा महिन्यांचा असेल, तर डांबराचा एक ट्रकही मागवू नये.